काम संपल्यावर भेटायला जाताना



आजचा भाग : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ८२. सोबतीला गीतेच्या सहाव्या अध्यायातला नववा श्लोक.

मध्यंतरी रोजचं चिंतन बऱ्याचदा चुकलं. तुमच्यापैकी काहींनी आपुलकीने विचारलं, ‘काका, तब्येत बरी आहे ना?’ तब्येत बरी आहे. ३१ मे रोजी मी सेवानिवृत्त झालो आणि पुढचे काही दिवस मनाची घडी बसत नव्हती, एवढंच.

३१ मे ही तारीख आमच्या पिढीला नीट कळेल. शाळेत नाव घालताना गुरुजी विचारायचे, ‘जन्म कधीचा?’ आजोबा सांगायचे, ‘पेरणीच्या आगंमागं.’ की गुरुजी १ जून लिहून मोकळे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वयाचा हिशोब सोपा जायचा. सरकारी नियम असा, की ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे अठ्ठावन्न पूर्ण झालेली कितीतरी माणसं महाराष्ट्रात या एकाच संध्याकाळी शाल, श्रीफळ आणि हार घेऊन घरी येतात. खऱ्या जन्मतारखेचा पत्ता नाही, पण निवृत्तीची तारीख पक्की! मीही तसाच आलो. सातारा जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या गावांत चौतीस वर्षं कारकुनी केली आणि खंडाळ्याच्या घरी येऊन ओसरीवर बसलो.

दहाव्या दिवशी मी पुन्हा कचेरीत गेलो. घरी सांगितलं, पेन्शनच्या कागदांवर एक सही राहिलीय. सही राहिली होती हे खरं, पण तेवढ्यासाठी फोनही चालला असता. खरं म्हणजे मला बघायचं होतं, की माझ्यावाचून त्यांचं काही अडतंय का. काही अडत नव्हतं. माझ्या खुर्चीवर नवा मुलगा बसला होता, कामात हुशार. सगळे प्रेमाने म्हणाले, ‘बसा ना काका, दोन मिनिटं.’ मी बाकावर बसलो, जिथे चौतीस वर्षं मी लोकांना बसायला सांगत आलो. चहा आला. चाळीस मिनिटांनी सही झाली. कुणाचंही काही चुकलं नव्हतं. तरी घाटाच्या पायथ्याशी एसटीतून उतरून घरापर्यंत चालताना गळ्यात आवंढा होता.

तुम्ही तिशीतले, पुण्या-मुंबईतले. तुम्हाला वाटेल, हे म्हाताऱ्यांचं दुखणं. तसं नाही. माझा शेवटचा दिवस चौतीस वर्षांनी आला, तुमचा ‘लास्ट वर्किंग डे’ दर दोन-तीन वर्षांनी येतो. केक कापतात, ‘कीप इन टच’ म्हणतात, ग्रुपमधून बाहेर पडता. मग कधीतरी नोकरी शोधायची वेळ येते, आणि तीन वर्षं ज्याला फोन केला नाही त्याला ‘हाय, कसा आहेस?’ असा मेसेज जातो. समोरच्यालाही कळतं, पुढचा मेसेज रेफरलचा असणार.

कामामुळे जुळलेली माणसं काम संपल्यावर आपली कोण लागतात, आणि त्यांच्याकडे जायचं ते कशासाठी? या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी भागवताच्या या अध्यायाशी येऊन थांबलो.

प्रसंग

आपल्याकडे एकनाथ महाराजांच्या भागवतामुळे अकरावा स्कंध, म्हणजे उद्धवाला केलेला उपदेश घरोघर पोचला. दशम स्कंधातली बाळलीला कीर्तनांतून सर्वांना ठाऊक असते. दशम स्कंधावर कृष्णदयार्णवांची ‘हरिवरदा’ ही मोठी ओवीबद्ध मराठी टीकाही आहे. पण त्याच स्कंधाच्या शेवटाकडे असलेला कुरुक्षेत्राचा प्रसंग मात्र कमी सांगितला जातो.

हा युद्धाचा प्रसंग नाही, सूर्यग्रहणाचा आहे. खग्रास ग्रहण येणार म्हणून भारतभरातून लोक स्नानाला समंतपंचक क्षेत्री येतात. द्वारकेहून यादव येतात. नंदबाबा, यशोदा, गोप आणि गोपी येतात. कुंती येते. अक्रूर श्रीकृष्णाला मथुरेला घेऊन गेला, त्याला किती वर्षं लोटलेली! आणि आता ही सगळी माणसं एकाच घाटावर समोरासमोर उभी राहतात.

इथे तीन भेटी आहेत. त्या एकेक करून पाहू.

पहिली भेट बहीण-भावाची. कुंती वसुदेवाला भेटते आणि भेटल्या भेटल्या तक्रार करते. आशय असा, की दादा, माझ्यावर एवढी संकटं आली, तुम्हा कुणाला माझी आठवण झाली नाही. दैव फिरलं की सख्खी माणसंही विसरतात. आता वसुदेवाला बोलायला भरपूर जागा होती. त्याची मुलं कंसाने मारली, तो स्वतः बंदिवासात होता, तेव्हा कुंती कुठे होती? पण तो तिच्यावर उलटत नाही. तो म्हणतो, बाई, आम्हाला दोष देऊ नकोस. आपण सगळे ईश्वराच्या हातातले. कंसाच्या छळाने आम्ही दाही दिशांना पांगलो होतो, आत्ता कुठे ठिकाणावर येतोय. तो फक्त आपली स्थिती सांगतो, तिची चूक काढत नाही.

दुसरी भेट दोन घरांची. वसुदेव नंदबाबांना मिठी मारतो. देवकी आणि रोहिणी यशोदेला कवटाळतात आणि कबूल करतात, की तुम्ही आमची मुलं वाढवलीत, हे ऋण इंद्राचं वैभव दिलं तरी फिटणार नाही. श्रीकृष्ण-बलराम नंद-यशोदेच्या गळ्यात पडतात तेव्हा दोघांचे कंठ दाटून येतात, तोंडून शब्द फुटत नाही.

तिसरी भेट गोपींची. आणि इथे भगवान जे करतात ते फार लक्ष देऊन पाहण्यासारखं आहे. ते त्यांना एकांतात भेटतात, खुशाली विचारतात आणि हसत हसत स्वतःच विषय काढतात. भावार्थ असा : सख्यांनो, आमची आठवण येते का? आम्ही आमच्या माणसांच्या कामासाठी गेलो आणि शत्रूंच्या बंदोबस्तात इतके दिवस अडकून पडलो. तुम्हाला आम्ही कृतघ्न वाटतो का? मग ते एक दृष्टांत देतात. वारा ढग, गवत, कापूस आणि धूळ एकत्र आणतो आणि पुन्हा विखरून टाकतो, तसा तो परमात्मा जीवांना जोडतो आणि दूर करतो.

मंडळी, या दृष्टांताचा अर्थ ‘भेटणं आपल्या हातात नाही, म्हणून सोडून द्या’ असा काढायचा का? तसं असतं तर भगवंतांनी कृतघ्नतेचा विषय स्वतः काढलाच नसता. पांगवणारा वारा आपला नाही, हे खरं. बदल्या, नोकऱ्या, आजारपणं, लग्नं हे सगळे वारेच. पण पुन्हा समोर आल्यावर पहिला शब्द कुणी बोलायचा, हे आपल्याकडे असतं. जो सोडून गेला होता, त्यानेच तो आधी उच्चारला.

या कथेला एक छान शेपूट आहे. पुढे ८४व्या अध्यायात नंदबाबा निघायची तयारी करतात. पण ‘आज निघतो, उद्या निघतो’ म्हणता म्हणता ते तीन महिने यादवांत राहतात. त्यांना काही काम नव्हतं, कुठलं राजकारणही साधायचं नव्हतं. सख्याचं मन राखायचं म्हणून राहिले.

शब्द : सुहृद

आता गीतेकडे येऊ. सहाव्या अध्यायात ध्यानयोग सांगताना भगवान आधी म्हणतात, की योग्याला मातीचं ढेकूळ, दगड आणि सोनं सारखंच वाटतं. लगेच पुढच्या, नवव्या श्लोकात ते माणसांकडे वळतात आणि माणसांचे नऊ प्रकार मोजतात. या सगळ्यांविषयी ज्याची बुद्धी सम राहते तो श्रेष्ठ, असं म्हणतात.

या यादीत ‘मित्र’ आणि ‘सुहृद’ हे शब्द वेगवेगळे आले आहेत. आपण दोन्हींचा अर्थ एकच धरतो. शंकराचार्यांच्या भाष्यात फरक स्पष्ट आहे. मित्र म्हणजे ज्याला आपल्याविषयी स्नेह आहे. सुहृद म्हणजे जो परत काही मिळण्याची अपेक्षा न ठेवता उपकार करतो. उदासीन म्हणजे कुठल्याही बाजूने नसणारा. मध्यस्थ म्हणजे भांडणाऱ्या दोघांचंही भलं इच्छिणारा. द्वेष्य म्हणजे आपल्याला जो आवडत नाही तो.

कुठल्याही ऑफिसात हे सगळे भेटतात. डबा वाटून खाणारा मित्र. दोन क्लार्कांचं भांडण मिटवणारा शिपाईमामा मध्यस्थ. साडेपाचला कुणाशी काही न बोलता निघून जाणारा उदासीन. आणि ज्याची सावली नको वाटते तोही एक असतोच. पण सुहृद ऑफिसात ओळखता येणं कठीण. कारण तिथे प्रत्येकाचं प्रत्येकाशी काहीतरी काम असतं. मी तुझी रजा सांभाळतो, तू माझी सांभाळ. यात वाईट काहीच नाही, जग असंच चालतं. पण देवाणघेवाण चालू असताना तिच्याखाली आणखी काही आहे का, हे दिसत नाही.

ते दिसायची वेळ निवृत्तीनंतर येते. आता मला त्यांच्याकडून सही नको, त्यांना माझ्याकडून फाईल नको. दहाव्या दिवशी मी कचेरीत गेलो, तेव्हा माझं तिथे काम होतं. सहीचं नव्हे, मान मिळवायचं काम. म्हणून जीव दुखावला. माणसांना भेटायला गेलो असं स्वतःला सांगितलं, आणि गेलो होतो खुर्चीला भेटायला.

पाचव्या अध्यायाच्या अगदी शेवटी भगवान स्वतःला सर्व प्राण्यांचा सुहृद म्हणवतात. आपल्याकडून त्यांचं काहीही अडलेलं नाही, तरी आपलं भलं करतात, म्हणून. तेव्हा जुन्या सहकाऱ्याकडे काहीही न मागता जाणं, हा देवाच्या स्वभावाचा लहानसा अभ्यासच झाला.

आरफळचा एक निवृत्त सरदार

आमच्या सातारा तालुक्यात आरफळ नावाचं गाव आहे. तिथले हैबतबाबा पवार ग्वाल्हेरच्या शिंदे दरबारात सरदार होते. नोकरी सोडून गावाकडे येताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना पकडलं, हरिपाठाच्या बळावर ते सुटले, आणि मग घरी न थांबता आळंदीला माउलींच्या सेवेत राहिले, असं परंपरा सांगते. आज आपण पाहतो तो माउलींचा पालखी सोहळा १८३२ साली त्यांनी सुरू केला.

या सोहळ्याचे घोडे येतात कुठून? बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून. माउलींचा घोडा, ज्यावर कुणी बसत नाही, आणि दुसरा स्वाराचा, असे दोन घोडे दरवर्षी अंकलीपासून आळंदीपर्यंत चालत येतात. शितोळे घराण्याचाही शिंदे दरबाराशी जवळचा, सोयरिकीचा संबंध होता. हैबतबाबा तलवार ठेवून आले, पण त्या जगातल्या माणसांशी नातं तोडून आले नाहीत. ज्या ओळखींतून पूर्वी मोहिमा निघत, त्यांतून आता वारी निघाली. स्वतःसाठी काही मागायचं उरलं नव्हतं, माउलींसाठी मागायचं होतं. दिलेला शब्द शितोळ्यांच्या पुढच्या पिढ्यांनी आजतागायत पाळला आहे.

हैबतबाबांची समाधी कुठे आहे, ठाऊक आहे ना? आळंदीच्या महाद्वारात, पायरीपाशी. ‘हैबतबाबांची पायरी’ म्हणूनच ती ओळखली जाते. सरदाराने शेवटी जागा घेतली ती दारात.

माझी गोष्ट

आता जे सांगणार आहे ते लिहावं की नाही, यावर आठवडाभर विचार केला. पण इथे रोज दुसऱ्यांना उपदेश करायचा आणि आपलं झाकून ठेवायचं, हे बरं नाही.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत एक महत्त्वाचं पत्र जावक रजिस्टरात नोंद न होता पडून राहिलं. ज्यांच्या टेबलाचं ते काम होतं ते त्या दिवशी रजेवर होते, आणि त्यांच्या टेबलाचा चार्ज माझ्याकडे होता. नोंद माझ्याकडून राहिली. कारणे दाखवा नोटीस त्यांना निघाली. चौकशीत मी गप्प बसलो. खोटं काही बोललो नाही, पण विचारलं नाही म्हणून सांगितलंही नाही. त्यांची एक वेतनवाढ रोखली गेली. पुढे त्यांची बदली झाली. सहा वर्षांपूर्वी ते निवृत्त होऊन लोणंदला राहायला गेले. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो. मी एकदाही त्यांना फोन केला नाही. कामात होतो, असं कारण स्वतःला देत राहिलो.

निवृत्तीनंतर हे कारण उरलं नाही. ओसरीवर बसून मी मोबाइलमधली नावं चाळायचो. आमच्या निवृत्त मंडळींचा एक ग्रुप आहे. सकाळी फुलांची चित्रं, संध्याकाळी जुने फोटो. तात्याही त्यात आहेत. रोज त्यांचं ‘राम कृष्ण हरि’ यायचं, आणि मी रोज त्यावर हात जोडलेलं चित्र टाकायचो. भेट न होण्याची ही किती सोपी युक्ती!

पालखी आली. माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घातलं जातं आणि पालखी पाडेगावच्या बाजूने आमच्या खंडाळा तालुक्यात शिरते. मग लोणंदचा मुक्काम, आणि पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण. दरवर्षी दर्शनाला लोणंदला जातोच. या वर्षी दर्शन झाल्यावर पाय परत वळवले नाहीत. पत्ता विचारत तात्यांच्या आळीत गेलो.

त्यांच्या घरासमोर वारकऱ्यांसाठी पाण्याची पिंपं मांडली होती, आत बायका पिठलं-भाकरी करत होत्या. तात्या बनियनवर, खांद्याला पंचा. मला बघून म्हणाले, “ये की. उभा का राहिलास?” जणू काल भेटलो होतो.

मी घरातून वाक्यं जुळवून नेली होती. ती सगळी विसरलो. म्हणालो, “तात्या, ती नोंद माझ्याकडून राहिली होती.”

त्यांनी हातातली बादली पिंपात ओतली. “आत्ता सांगतोयस व्हय.”

बराच वेळ कुणी बोललं नाही. एक दिंडी पाणी पिऊन पुढे गेली. मग ते म्हणाले, “त्या पैशाचं मी कवाच सोडलं. पण सहा वर्षं झाली मला घरी बसून. मधी बायकोचं ऑपरेशन झालं. दवाखान्याच्या कट्ट्यावर दिवसच्या दिवस एकटा बसून असायचो. इतकी वर्षं एका पंगतीला जेवलो आपण, तुमच्यातल्या एकाचा फोन नाही. आठवण झाली नाही व्हय रे कुणाला?”

मंडळी, मला वाटत होतं की वेतनवाढीचा हिशोब द्यावा लागेल. समोर आली ती कुंतीची तक्रार. माझ्याकडेही उत्तरं होती. माझी बदली, आईचं आजारपण, करोनाचा काळ. आणि ‘तुम्ही तरी कुठे फोन केलात?’ हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. वसुदेव आठवला. एवढंच म्हणालो, “चुकलं.”

मग मी विचारलं, “आता लेखी देऊ का कचेरीत?”

ते हसले. “कुणाला देतोस? तो साहेबही घरी बसला आता. द्यायचंच असलं तर पोराला सांग. तवा तो बारावीला होता. घरात माझी चिडचिड चालायची. त्याला अजून वाटतं, बापानं कामात हयगय केली म्हणून नोटीस आली.”

हे मात्र मला कधी सुचलंच नव्हतं. माझ्या गप्प बसण्याचा डाग कागदावर नव्हता, एका मुलाच्या मनात होता. संध्याकाळी तो पुण्याहून सेवेला आला. तुमच्याच वयाचा. त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, तारखेसकट. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, “बरं झालं सांगितलंत, काका.” आणि पाण्याची कळशी उचलून गेला. रात्रीपर्यंत माझ्याकडे त्याने पुन्हा पाहिलं नाही.

त्याने मला माफ केलं का? ठाऊक नाही. विचारलं नाही. विचारायचा मोह फार झाला, पण विचारलं असतं तर मी पुन्हा काहीतरी मागायलाच गेलो असतो. आधी मान, आता माफी. ‘सुहृद’ शब्दाचा अर्थ मला त्या रात्री भाकरीच्या टोपल्या उचलताना थोडासा कळला. जे द्यायचं ते द्यावं आणि पावती मागू नये.

त्यानंतर दोनदा लोणंदला जाऊन आलो. काम काही नव्हतं. तात्यांनी अंगणात बसवून चहा दिला, कांद्याच्या बाजाराच्या गप्पा मारल्या. दुसऱ्या वेळी मी निघालो तर म्हणाले, “बस की, संध्याकाळच्या एसटीनं जा.” नंदबाबांची आठवण झाली. पोरगा दोन्ही वेळा घरी नव्हता.

एक शंका

एका वाचक ताईंशी यावर बोलणं झालं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘काका, मग सगळ्या जुन्या लोकांशी संबंध ठेवायचे का? ज्यांनी मला त्रास दिला त्या बॉसशीही?’

नाही. नववा श्लोक नीट वाचा. तो बुद्धी सम ठेवायला सांगतो. सगळ्यांच्या घरी चहाला जायला सांगत नाही. ज्याला आपण नको आहोत, त्याच्या दारात उभं राहणं हाही त्याच्यावर लादलेला भारच. ज्याने तुमचं नुकसान केलं, त्याचं मनात वाईट न चिंतणं एवढंच पुष्कळ आहे. आणि जो उदासीन आहे त्याला उदासीन राहू द्यावं. माझ्या खुर्चीवर बसलेल्या त्या हुशार मुलाशी माझं नातं अजून जुळलेलंच नाही. त्याने माझी आठवण का काढावी? त्याला निवांतपणे काम करू द्यावं, हीच त्याच्यावरची माया.

आजचा अभ्यास

१. वही घ्या. आधीच्या नोकरीतल्या किंवा कॉलेजमधल्या पाच माणसांची नावं लिहा. प्रत्येकापुढे प्रामाणिकपणे लिहा : मला यांच्याकडून आत्ता काय हवंय? ज्याच्यापुढे ‘काही नाही’ असं लिहाल, त्याला आज फोन करा. मेसेज नको, फोन.

२. काम असेल तर काम आहे म्हणून सरळ सांगा. रेफरल मागण्यात कमीपणा नाही. मैत्रीच्या वेष्टनात गुंडाळून मागण्यात आहे.

३. कुणाचं काही चुकवलं असेल तर थोडक्यात, नेमकं आणि शक्य तर समोर जाऊन कबूल करा. समोरच्याचा वेळ जाईल आणि आपलं मन हलकं होईल अशी लांबलचक माफी नको. आणि त्या चुकीची झळ आज कुणाला लागतेय, हे एकदा विचारून घ्या. ते माणूस बहुतेक वेळा आपल्या ध्यानीमनी नसलेलंच निघतं.

४. समोरून तक्रार आली तर ती पूर्ण होऊ द्या. आपली अडचण सांगायला हरकत नाही, वसुदेवानेही सांगितली. त्याची चूक मात्र काढू नका.

५. हे खास तुमच्यासाठी. घरात कुणी नुकतं निवृत्त झालं असेल, तर त्यांना नवीन मोबाइल किंवा सहलीचं तिकीट देण्याआधी एकदा विचारा, ‘बाबा, तुमच्या ऑफिसातलं कुणाला भेटावंसं वाटतं?’ आई असेल तर आईला विचारा. आधी ‘कुणी नाही’ म्हणतील. दोन दिवसांनी पुन्हा विचारा. नाव आलं की रविवारी गाडी काढा, त्यांना तिथे सोडा आणि तुम्ही तासभर बाहेर फिरून या. त्या दोघांना एकांत हवा असतो. भगवंतांनीही गोपींना एकांतातच विचारलं होतं.

उद्या आपण याच अध्यायाच्या शेवटाकडे जाऊ. गोपी भगवंताकडे काय मागतात ते पाहू. त्याआधी आज एक फोन होऊ द्या.

जय जय राम कृष्ण हरि.